रेकॉर्डवरचा पियानो

जयवंतीचा नवरा दिनानाथ तांडेल चाळीस वर्षं मुंबईत पियानो वाजवत होता. त्याच्या गावात, दातिवऱ्यात, विचाराल तर लोक सांगतील, "बँडमध्ये होता." बँड म्हणजे त्यांच्या लेखी लग्नातला! दिवसा स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ, संध्याकाळी हॉटेलात जॅझ, असा त्याचा जन्म गेला. नाव कुठं छापून आलं नाही. जॅझची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यातला पियानो आपला, असं तो जयवंतीला सांगायचा. पण कव्हरवर पियानोपुढे नाव बँडमास्तरचं. "हो हो, तुमचाच," म्हणत ती बोंबील वाळत घालायला निघून जायची. नवऱ्याची थोडी फुशारकी चालवून घ्यावी लागते, बाई.

परवा पालघरहून ज्ञानेश्वरी आली. जुन्या वादकांवर पुस्तक लिहीत होती. "काका, एका म्हाताऱ्या ड्रमवाल्यानं तुमचं नाव सांगितलं. पण मास्तरांच्या घरचे म्हणतात, पियानो त्यांचाच. पुरावा नसेल तर तुमचं नाव मला घालता येणार नाही."

"पुरावा कसला? वाजवला नि घरी आलो," दिनानाथ म्हणाला.

जयवंतीला वाटलं, झालं! म्हाताऱ्याचं खोटं आता उघडं पडणार, तेही परक्या पोरीसमोर!

ज्ञानेश्वरीनं फोनवर रेकॉर्ड लावली. या घरात ती कधी वाजलीच नव्हती. प्लेअर होता कुणाकडे? ट्रंपेट थांबला. पियानो सुरू होण्याआधी कुणीतरी पुटपुटलं.

"थांब गं! मागं घे. आवाज मोठा कर," जयवंती म्हणाली.

"लाभ, दोन, तीन, चार," फोनमधून आलं.

"अगो बाय!" जयवंती ओरडलीच. "मावरं, मासली मोजताना आमी कोळी एकाला लाभ म्हणतो. यांची आय तशीच मोजायची. तुजा मास्तर मोजंल काय असा?"

"मास्तर शिव्या घालायचा, तोंड बंद ठेव म्हणून," दिनानाथ म्हणाला. "पण मोजल्याबिगर मला तालात शिरताच यायचं नाय."

ज्ञानेश्वरीनं तीनदा ऐकलं आणि वहीत लिहिलं : पियानो, दिनानाथ तांडेल.

जयवंतीला आनंद झाला, पण मेली लाजच जास्त वाटली. पोरगी गेल्यावर कपबशा उचलता उचलता ती म्हणाली, "अवो, मला वाटायचं तुमी थापा मारता."

"म्हाईत हाय."

"मंग गावात चार जणांना तरी सांगायचं!"

"तुलाच पटलं नाय," दिनानाथ म्हणाला, "मंग दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?"