सहीसाहेबांचा चौकोन

एखाद्या संस्थेचं काम जसं चालतं तसं कागदावर उतरवलं की संस्थेला सत्य दिसतं, आणि सत्य दिसलं की सुधारणा आपोआप होते. बिझनेस मॉडेलिंगच्या तीन दिवसांच्या वर्गातलं पहिल्या सकाळचं पहिलं वाक्य हे होतं. सहीसाहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं, खाली तारीख टाकली आणि सवयीने सही केली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते बावीस वर्षं होते आणि त्यांच्या सहीशिवाय एकही तक्रार पुढे गेलेली नव्हती. हे नाव त्यावरून पडलेलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. कंपनीत नवी संगणकप्रणाली यायची होती, आणि त्याआधी प्रत्येक विभागातल्या एकाने आपल्या कामाचं चित्र काढायला शिकावं अशी मोठ्या साहेबांची इच्छा होती. तक्रार विभागाने सहीसाहेबांना पाठवलं. ते नसताना तीन दिवस तक्रारी पुढे कशा जाणार, हे कोणीही विचारलं नाही. त्यांना ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

शिकवणारी मुलगी त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि मुलीपेक्षा बरीच शांत. तिने सांगितलं, चित्रात प्रत्येक माणसाला एक पट्टा, पोहण्याच्या तलावात आखतात तसा. काम म्हणजे चौकोन. काम इकडून तिकडे गेलं की बाण. आणि निर्णय म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन, डायमंड. त्यातून दोन बाण निघालेच पाहिजेत, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. गोदामातून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, की आमच्या साहेबांकडून फक्त ‘नाही’च निघतो, तर काय काढायचं? मग तो डायमंड नव्हे, भिंत आहे, असं ती म्हणाली. गोदामवाल्यांनी मन लावून भिंत काढली.

घरी करायला दिलेलं काम सोपं होतं. आपल्या विभागाचं आज आहे तसं चित्र. सहीसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिलने चार पट्टे आखले : ग्राहक, फोन घेणाऱ्या बाई, आपण स्वतः, मेकॅनिक. तक्रार फोनवाल्या बाईंकडून निघून त्यांच्या चौकोनात शिरत होती आणि पलीकडून मेकॅनिककडे जात होती. चित्र देखणं झालं होतं.

बायको गणिताची निवृत्त शिक्षिका. तिने चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि नवऱ्याचा चौकोन अंगठ्याने झाकला.

“अहो, आता कागद अडला का?”

“सही राहिली ना.”

“सही झाल्यावर कागदात काय बदलतं?”

“सही होते,” सहीसाहेब म्हणाले.

तिने अंगठा उचलला आणि ती भाजी निवडायला गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तीस वर्षं वह्या तपासल्यावर हात थांबत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं तेच निघालं. ज्या चौकोनात आलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर पडते त्यावर लाल फुली मारायची, आणि ‘उद्या हवं तसं’ या चित्रात तो चौकोन काढायचाच नाही. लाल फुलीच्या जागा नव्या प्रणालीत नसतील, असं मोठ्या साहेबांनी कळवल्याचंही मुलीने जाता जाता सांगितलं. ती लाल पेन घेऊन पहिल्या रांगेपासून निघाली. सहीसाहेब चौथ्या रांगेत होते.

ती दुसऱ्या रांगेत असताना त्यांनी चौकोन खोडला आणि टोकावर उभा केला. आत लिहिलं : ‘तक्रार पूर्ण आहे का?’ ‘हो’चा बाण मेकॅनिककडे गेला. ‘नाही’चा बाणही कुठेतरी जायला हवा होता, म्हणून तो ग्राहकाकडे परत पाठवला.

“पूर्ण आहे हे कशावरून ठरवता, सर?” मुलीने विचारलं.

बावीस वर्षांत त्यांनी ते ठरवलं नव्हतं. पण त्यांना एकदम आठवलं, की प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर नंबर असतो. “पट्टीवरचा नंबर,” ते म्हणाले. “तो नसेल तर तक्रार अपुरी.”

मुलीने लाल पेन बंद करून हिरवं काढलं.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब चित्रं बघायला आले. सहीसाहेबांच्या कागदाशी थांबून त्यांनी ‘नाही’च्या बाणावर बोट ठेवलं आणि परत गेलेल्या तक्रारी थकीत धरतात का, असं विचारलं. सहीसाहेब म्हणाले की त्या अजून आलेल्याच नसतात. मोठे साहेब त्या वर्गात तेवढे एकदाच हसले.

प्रणाली त्या चित्राबरहुकूम बांधली गेली. जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, आणि महिन्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. सहीसाहेबांची जागा पक्की झाली. मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांनी बायकोपुढे धरलं. त्याच्या कोपऱ्यात त्यांचं चित्र बारीक करून छापलेलं होतं.

“चौकोन फिरवलात,” ती म्हणाली.

“फिरवला.”

“क्षेत्रफळ तेवढंच राहतं हो.”

पुढे एका सोमवारी अकराच्या सुमाराला त्यांच्या पडद्यावर एक तक्रार आली. मुद्देसूद होती, परिच्छेदांना क्रमांक होते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली आहे. आत कोणी नाही. पट्टीवरच्या नंबराच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘नंबर लिफ्टच्या आत आहे. परिच्छेद एक पाहावा.’

खाली नाव बायकोचं होतं.

सहीसाहेबांनी नंबर आठवून पाहिला. त्या लिफ्टमधून ते अकरा वर्षं दिवसातून दोनदा जात-येत होते आणि त्या पट्टीकडे बघतही होते, कारण लिफ्टमध्ये दुसरीकडे कुठे बघायचं हा प्रश्नच असतो. वाचली मात्र कधी नव्हती. ‘हो’चं बटण नंबराशिवाय दाबलंच जात नव्हतं. तेवढ्यात घरून फोन आला.

“तिथे तुम्हीच बसलाय ना?”

“मीच.”

“मग?”

“नंबर लागतो.”



“दोनच बाण आहेत का?”

“दोनच,” सहीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी ‘नाही’चं बटण दाबलं.

त्या महिन्याच्या अहवालात त्या इमारतीच्या नावापुढे थकीत तक्रारी शून्य होत्या. सहीसाहेबांचं घर सातव्या मजल्यावर आहे.