हिल्डाचे गुरुवार

एल्गिन बेरेंड्सने तिकीट काढलं नाही. हॅट हातात घेऊन तो सरळ राष्ट्राध्यक्षांच्या जन्मघराच्या ओसरीवर चढला आणि घराची देखरेख करणाऱ्या लोरीनसमोर उभा राहिला.

"गुरुवारी हे घर बंद असतं म्हणे."

"लोकांना बंद असतं," लोरीन म्हणाली. "का रे?"

"हिल्डा अकरा वर्षं दर गुरुवारी इथं यायची. पाहुण्यांना घर दाखवते म्हणायची. कुणाला दाखवत होती?"

त्याच्या बायकोला, हिल्डाला, जाऊन चार महिने झाले होते. बंद गुरुवारची गोष्ट त्याला काल कळली होती, चर्चबाहेर.

"हिल्डा आणि चार लोकांत बोलणार? धूळ झाडायला यायची ती."

"आमच्या घरी जळमटं लोंबत होती."

"तुझ्या बुटांना लागून गोठाच घरात यायचा. ती बिचारी कुठं कुठं पुरणार?"

तो हसला नाही. "कोण असायचं बरोबर?"

"कुणी नाही. किल्ली मागून घ्यायची, मागच्या खोलीत तासभर असायची. बघ जाऊन."

मागच्या खोलीत जाऊन एल्गिनने दाराची कडी पाहिली. मग खिडकी. खिडकीतून बाहेर उतरता येईल का, तेही पाहिलं. जुनं घर केव्हाच पडलं होतं. हे मागाहून बांधलेलं, आत शेजारपाजारच्यांनी दिलेलं सामान. दोरीपलीकडे पाळणा होता. पाळण्यात दुपटं.

निळ्या फुलांचं. कोंबडीखाद्याच्या पोत्यांचं कापड; तेव्हा ती पोती फुलाफुलांच्या छापील कापडाची यायची. हिल्डाने हातात चिंधी देऊन त्याला दुकानात पाठवलं होतं आणि त्याने सगळी थप्पी उपसून त्याच छापाची तीन पोती शोधली होती. चौथं मिळालं नाही. म्हणून एका कोपऱ्याला त्याच्या कामाच्या सदऱ्याचा तुकडा लावला होता. तो तिथंच होता.

मूल आठ दिवस जगलं. 'जाळून टाक ते,' तो म्हणाला होता, 'मला दिसता कामा नये.' त्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. नंतर त्या घरात कुणी तो विषय काढला नाही.

मागून एक बाई आली, गळ्यात कॅमेरा.

"अगं बाई, केवढंसं! राष्ट्राध्यक्षांचंच ना हो हे, आजोबा?"

दारात आलेली लोरीन काहीतरी बोलणार होती. एल्गिनने हात वर करून तिला थांबवलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "आमच्या मुलीचं आहे. एल्सी नाव तिचं."