पॅसेजमधला खोकला

रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांत मला अप्पांचा खोकला लागला.

कोरडा, घशाच्या तळाशी टोचणारा, दोनदा येऊन थांबणारा. पहिल्यांदा आला तेव्हा मी भाजी चिरत होते. मीच खोकले होते, तरी वळून पॅसेजकडे पाहिलं. अप्पा मार्चमध्ये गेले. त्यांच्या खोलीचं दार मी तेव्हापासून उघडलेलं नाही.

दाब मला त्यांच्याकडूनच आलाय. पहिल्या गोळीने, अम्लोडिपिनने, त्यांचे घोटे सुजायचे, चपला घट्ट व्हायच्या. मग लघवी वाढवणारी पाण्याची गोळी आली, तर तारोडीला त्यांच्या मित्राकडे, ह्युबर्टकाकांकडे, जाताना बसमध्ये पंचाईत. शेवटी रामिप्रिल. दाब उतरला, खोकला आला. "सुजलेल्या पायांपेक्षा बरा," म्हणायचे. आपल्या गोळ्यांचा डबा ते स्वतःच भरत, मला हात लावू देत नसत.

ते असताना संध्याकाळी मी दाराकडे पाठ करून वाचत बसायची. पॅसेजमध्ये तो खोकला वाजायचा आणि मागोमाग चहाचा कप आत यायचा.

जिन्यात शेजारच्या उर्मिलाकाकू भेटल्या.

"काल तुझ्याकडून खोकला ऐकला गं. म्हटलं, आत्मारामभाऊंना काढा करून द्यावा. आलं किसायला घेतलं आणि मग आठवलं."

"मग आल्याचं काय केलंत?"

"चहात टाकलं. काय करणार?"

त्या दिवसापासून मी खोकला दाबायचं सोडलं.

शांती नगरमधल्या डॉक्टर निशिगंधा अप्पांनाही तपासायच्या. दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "खोकला वगैरे?"

"नाही."

पुढच्या खेपेला त्यांच्यासमोरच उबळ आली.

"हा खोकला नाही, तर काय आहे? घसा साफ करून भाषण देणार आहेस?" त्यांनी पेन उघडलं. "रामिप्रिलने होतं असं. टेल्मिसार्टन देते, खोकला जाईल."

"राहू दे. मला त्रास नाही त्याचा."

"आनंदी, तू वडिलांवर गेलीस. त्यांनीही असंच टाळलं. गेल्या गणपतीआधी एकदाचं माझं ऐकलं. गोळी बदलली आणि महिन्याच्या आत खोकला बंद."

"बंद कुठे? शेवटपर्यंत खोकत होते."

"त्यानंतर इथे तर नाही खोकले कधी." त्या जराशा हसल्या. "मला म्हणाले होते, डॉक्टरीणबाई, अडचण केलीत. आता पोरीच्या खोलीत जायचं कसं? वाचताना मागून कोणी आलं की दचकते ती. मी म्हटलं, मग खोटं खोका."

मी आठवू लागले. गणपतीनंतर जेवताना तो खोकला नव्हता. टीव्हीसमोर नव्हता. सकाळी दाढी करतानाही नव्हता. मी कधी लक्षच दिलं नाही, कारण माझ्या दाराशी तो रोज होता, चहाच्या आधी.

"बरं," मी म्हटलं, "द्या बदलून."

खोकला लगेच गेला नाही. हळूहळू विरळ झाला. रविवारचा अख्खा दिवस एकदाही आला नाही, हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. भिंतीपलीकडून उर्मिलाकाकूंच्या कुकरची शिटी ऐकू आली, मग तीही थांबली.

मी चहा केला. सवयीने पाणी जास्त पडलं होतं, दोन कप झाले. एक ओट्यावर राहू दिला, दुसरा घेऊन पॅसेजमध्ये आले. अप्पांच्या खोलीसमोर थांबले. ते आतल्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून पेपर वाचायचे, दाराकडे त्यांचीही पाठ असायची. मी मात्र कायम न सांगता आत शिरायची.

घशात काही नव्हतं. तरी मी दोनदा खोकले, जरा थांबले आणि कडी काढली.