ठिणगीतली फुलं

संयुक्त महाराष्ट्रासाठी सारं गिरणगाव पेटलं होतं, आणि मी गिरगावातला शहाणा लालबागच्या एका पोलाद कारखान्यात केमिस्ट म्हणून मिरवत होतो. आम्हाला तारेसाठी मऊ पोलाद करायचं होतं. कार्बन जरा चढला की तार ओढताना तुटे. त्यातून पोलादाचा रस वेगवेगळ्या साच्यांत न ओतता, पाण्याने गार ठेवलेल्या एकाच तांब्याच्या साच्यातून सलग कांब खाली ओढायची, हे खूळ माझं. लवूमामांनी त्या साच्यावर खडूने लिहिलं, 'झालाच पाहिजे'.

लवूमामा मालवणकडचे, भट्टीवर तीस वर्षं. मला मास्तर म्हणत. माझ्या प्रयोगशाळेला कार्बन सांगायला तास लागे. ते नमुना ग्राइंडरला लावून ठिणग्यांवरून सांगत. ठिणगीच्या टोकाला फुलं फुटली तर कार्बन जास्त. सरळ रेघा गेल्या की रस ओतायची हाक येई, "फुलां नाय, सोडा!" मी आधी हसलो होतो. चारदा तोंडघशी पडलो, मग हसणं बंद झालं.

दोन चाचण्या फसल्या होत्या. तिसरीला मालक स्वतः उभे. "आता ज्याची चूक, त्याने घरी बसायचं," असं बजावलेलं. मामांनी नमुना चाकाला लावला. "फुलां नाय, सोडा!"

मला तर फुलंच फुलं दिसत होती.

बोललो तर म्हाताऱ्याची नोकरी जाणार, गप्प बसलो तर तार तुटणार. "मामा," मी म्हटलं, "मी जरा भित्रा आहे. आणखी दोन घमेली खवले टाकू या का?" कांबा लाटताना सुटलेले खवले रसात टाकले की कार्बन जळतो. मामांनी चाक थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मास्तरांचा मन राखूया," ते म्हणाले.

दुसऱ्या नमुन्याला सरळ रेघा. कांब उतरली, आणि चौथ्या दिवशी तार ओढली तेव्हा एकदाही तुटली नाही. मालकांनी पेढे वाटले.

त्या संध्याकाळी मामांनी मला नळापाशी गाठलं. "डोळ्यात फूल पडलाहा माझ्या, नीट दिसणा नाय. उद्या मालकांका सांगून टाकतंय."

"काही सांगायचं नाही," मी दरडावलं. आयुष्यात वडीलधाऱ्यावर ओरडलो तो तेवढाच.

पुढे दोन वर्षं नमुना ते धरत, मी शेजारी. ओठ न हलवता विचारत, "फुलां इली?" मी पुटपुटायचो, "नाहीत." मग भट्टीभर हाक.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. "मास्तर, आज हाक तुमी घाला." मी घातली, "फुलां नाय, सोडा!" गिरगावकर मालवणीत ओरडला म्हणून अख्खी भट्टी हसली. मामा तेवढे रडत होते.