फरशी चुकवणारा माणूस

कोरड्या ठणठणीत रविवारी मर्टी हेहिर गमबूट घालून स्वयंपाकघरात आला, तेव्हा नोनीने ब्रेड कापता कापता सुरी खाली ठेवली.

"पूर आलाय का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाय दुखतायत."

"पाय दुखले की माणूस बूट काढतो. घालत नाही."

खरं कारण त्या वेळी गाढवावर बसून टेकडी चढत होतं. आंधळा थेडी कॉन्सिडाइन आपलं फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेऊन येत होता, आणि मर्टीला आपले पाय थेडीच्या कानांपासून लपवायचे होते. नाल ठोकलेले बूट बोलतात, रबर गप्प बसतं.

लहानपणी गोवराने थेडीचे डोळे गेले आणि हातात फिडल आलं. आयर्लंडच्या पश्चिम क्लेअरमध्ये तेव्हा घरोघरच्या स्वयंपाकघरांत नाच व्हायचे. मग सरकारने घरातल्या नाचांवर बंदीचा कायदा केला, पाद्र्यांनी तिकीट लावून हॉल उघडले, हॉलमध्ये सॅक्सोफोन आले आणि स्वयंपाकघरं गप्प झाली. वाजवणारे काही इंग्लंडला गेले, काहींनी फिडल भिंतीला टांगलं. थेडीने काही टांगलं नाही. तो गाढवावर बसून या घरून त्या घरी जायचा, चार दिवस राहायचा, पोरांची बोटं आपल्या बोटांखाली धरून तारांवर ठेवायचा. ज्या धुनी लोक विसरले होते, त्या त्याने त्यांच्याच पोरांच्या बोटांत परत घातल्या. मोबदला म्हणून चहा, बटाटे, आणि गाढवाला गवत. गाढव जास्त खायचं.

आता पुढच्या रविवारी एनिस शहरात जुन्या संगीताची मोठी जत्रा भरणार होती. आपल्या नॉकरा गावाचा स्वतःचा जुना नाच तिथे उभा करायचा, असं थेडीने मनात घेतलं. हा नाच त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण कोणत्या वळणावर कोणाचा पाय कसा पडायचा हे त्याच्या कानात जसंच्या तसं होतं. मेलेल्या माणसांची पावलं तो जिवंत माणसांना शिकवत होता.

नाचाला चार जोड्या लागतात. सात माणसं जमली होती. नोनीचा नाचातला जोडीदार रस्ते बांधायला इंग्लंडला निघून गेला, आणि तिच्यासमोरची जागा रिकामी राहिली. तरी ती रोज गाईचं दूध काढून झालं की गोठ्यामागे एकटीच पावलं घोटायची. मर्टी ते खिडकीतून बघायचा आणि पाइप विझला नसला तरी पुन्हा पेटवायचा.

कारण आठवा माणूस कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. तो त्याच्याच गमबुटांत उभा होता.

गावातला शेवटचा नाच याच स्वयंपाकघरात झाला होता, मर्टीच्या बापाच्या वेळी. चुलीसमोरच्या मोठ्या फरशीखाली आजोबाने घोड्याची कवटी पुरून ठेवलेली. त्यामुळे त्या फरशीवर पाय पडला की ती ढोलासारखी घुमते. थेडी वाजवत होता, नाच रंगात आला होता, तेवढ्यात म्हातारे फादर काठी घेऊन दारात उभे राहिले. कुणी दिवा फुंकला, कुणी चुलीवर राख लोटली, पोरी खिडकीतून पळाल्या. फादरनी चाचपडत थेडीचा गज पकडला. धून शेवटच्या तुकड्यापाशी तुटली. पण त्या अंधारात, त्या पोकळ फरशीवर, कुणाच्या तरी पायांनी तो उरलेला तुकडा पुरा केला. फिडलशिवाय, एकट्याने, अगदी शेवटपर्यंत. फादरनी काडी ओढली, तर फरशीवर कोणी नाही.

मर्टी तेव्हा गोठ्यात गाईच्या पोटाला टेकून श्वास आवरत होता.

पुढच्या रविवारी फादरनी चर्चमध्ये सांगितलं, की तो माणूस नव्हता. अशा घरांत जो येतो, तोच स्वतः आला होता. गाव घाबरलं, पण आतून जरा सुखावलंही. सैतान शेजारच्या कुठल्याच गावात आला नव्हता. मग त्याला खूर फुटले, टाचेतून ठिणग्या उडाल्या. नोनी त्या रात्री हजर होती. सैतानाची शेपटी आपल्या कोपराला घासून गेली असं ती शपथेवर सांगायची, आणि दर हिवाळ्यात ती शेपटी वीतभर वाढायची. ती शेपटी म्हणजे मर्टीच्या सदऱ्याचं बाहेर आलेलं टोक. पण अशा बाईशी लग्न झाल्यावर हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यात फादरनी 'हा पोरगा कधी नाचत नाही' म्हणून त्याला चर्चच्या दारात दानाचं ताट धरायला उभं केलं. ते ताट अजून त्याच्या हातात होतं. एकदा जरी पाय टाकला, तरी ज्याने ते पाय ऐकले होते तो ओळखणार. म्हणून मर्टी वीस वर्षं नाचला नव्हता.

थेडी आला, चुलीपाशी बसला. सातही जण जमले. शेजारचा सेनन सगळ्यांत पुढे, कारण त्याचं पोट पुढे.

"सेनन, तुझा डावा पाय अजून घरीच आहे का?" वाजवता वाजवता थेडीने विचारलं.

"येतोय मागून."

"त्याला सांग, तुझ्या बापाचा पाय त्याच्या आधी पोचायचा. आणि तुझ्या बापाला दोन्ही गुडघ्यांत वात होता."

सगळे हसले, सेननसुद्धा. मग नोनीची पाळी आली, आणि तिच्यासमोर कोणी नव्हतं.

"झाडू घे हातात," सेनन म्हणाला. "मर्टीपेक्षा बरा. निदान वाकतो तरी."

"मर्टीला काय विचारायचंय," नोनी म्हणाली. "लग्नात सुद्धा भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं भिंत पडेल म्हणून धरून ठेवलीय."

थेडीने फिडल मांडीवर ठेवलं. "हे बघा, सात पायांचा घोडा मी जत्रेत नेणार नाही. आठवा मिळाला तर एनिस. नाहीतर मी समुद्रकाठी किलरशला जातो आणि सील माशांना शिकवतो. त्यांना निदान ताल आहे."

कोणी हसलं नाही. तो थट्टा करतोय, पण खोटं बोलत नाहीये, हे सगळ्यांना कळलं. नोनीने खुंटीवरचा एप्रन काढला आणि हळूच पुन्हा कमरेला बांधला. ती गाठ मारताना मर्टीला तिचे हात दिसले. त्याने दुसरीकडे बघितलं.

"मर्टी," थेडी म्हणाला, "माझा कप रिकामा झाला. घे रे जरा."

मर्टी दाराशी होता. कप चुलीपाशी. मधे फरशी. तो नेहमीप्रमाणे टेबलाच्या कडेने, भिंतीला घासून, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसा गेला आणि कप उचलला.

थेडी गालातल्या गालात हसला.

"आज रबर घालून आलास. छान. पण मर्टी, या फरशीवर नोनी दिवसभर बादल्या घेऊन चालते. कोंबड्या चालतात. तुझा कुत्रा चालतो, त्याची नखं वाढलीत, काप. सेनन तर त्यावर उभा राहून ब्रेड खातो. इतकी वर्षं मी या घरात येतोय, आणि एकच माणूस तिच्यावर कधी पाय ठेवत नाही. ज्याला तिच्यात काय आहे ते माहीत नाही, त्याचा चुकून तरी पडतो."

"म्हणजे काय?" सेननने विचारलं.

"म्हणजे काही नाही. मी आंधळा माणूस, मी काय पाहिलंय?"

त्याने फिडल उचललं आणि धून सुरू केली. कोणालाही ती ओळखू आली नाही. फक्त मर्टीच्या मानेवरचे केस उभे राहिले. थेडीने ती त्या रात्रीनंतर परत कधीच वाजवली नव्हती, कुठल्या पोरालाही शिकवली नव्हती. धून वर चढली, वळली, पुन्हा चढली, आणि शेवटच्या तुकड्यापाशी आल्यावर थेडीने गज उचलून बाजूला धरला.

स्वयंपाकघरात चुलीतलं जळणाचं ढेकूळ खचल्याचा आवाज आला.

मर्टीने कप टेबलावर ठेवला. ताटाचा विचार केला, फादरच्या थडग्याचा केला, मग एप्रनच्या गाठीकडे बघितलं. आणि तो फरशीवर गेला.

फ्लप, फ्लप, फ्लप, गमबूट बोलले.

"नोनी," थेडी म्हणाला, "बदक शिरलंय घरात."

सेनन हसता हसता खुर्चीवर बसला. मर्टी कानापर्यंत लाल झाला, पण फरशीवरून हलला नाही. नोनी त्याच्याकडे बघत होती. आधी पायांकडे, मग चेहऱ्याकडे, मग बराच वेळ सदऱ्याच्या टोकाकडे. ते आजही बाहेर आलं होतं. ती आतल्या खोलीत गेली आणि त्याचे चर्चचे, नाल ठोकलेले बूट आणून त्याच्यापुढे धपकन टाकले.

"वीस वर्षं मी अख्ख्या गावाला शेपटी सांगतेय," ती म्हणाली. "आता काय सांगू?"

"गळून पडली म्हणून सांग," मर्टी खाली बसून गमबूट ओढत म्हणाला.

त्याने बूट चढवले, नाड्या बांधल्या, उठला. मग त्या उरलेल्या तुकड्यात त्याने पाय घातले. फरशी घुमली, कपाटातल्या बश्या थरथरल्या, कुत्रा दाराबाहेर गेला. नाल असा वाजत होता की सेनन हसायचा थांबला. शेवटची टाच पडली तेव्हा नोनीचा एप्रन पुन्हा खुंटीवर होता.

थेडीने बाहीने नाक पुसलं.

"घाई केलीस," तो म्हणाला. "तेव्हाही केली होतीस."

"तेव्हा फादर मागे होते."

"आज कोण आहे?"

"बायको," मर्टी म्हणाला.

"मग तिच्यासमोर उभा राहा," थेडी म्हणाला आणि गज तारांवर ठेवला. "सेनन, ऊठ. पहिल्यापासून."