सीटमधला दीड इंच

शिंप्याचा उजवा खुबा काही निखळला नव्हता, नुसता अवघडला होता. पण आवाज म्हणाल तर असा झाला, की शेजारच्या कोर्टवरच्या चौघांनी खेळ थांबवून आपापल्या रॅकेटी तपासल्या. जाळीजवळ पडणारं बॅडमिंटनचं फूल उचलायला त्याने जी ढांग टाकली, ती परत मिटेचना. उघड्या कंपाससारखा त्याला तसाच उचलून बाकावर ठेवला, आणि मग त्या बाकावर दुसऱ्या कुणाला टेकायलाही जागा उरली नाही.

"सहा आठवडे कोर्ट बंद," फिजिओ बाई म्हणाल्या. "जिना बेताने. पायमशीन चालवायची नाही."

"बाई, पायमशीन म्हणजे माझं पोट आहे."

"मग डाव्या पायाने चालवा."

त्याने चालवली. पहिले तीन दिवस सगळ्या शिवणी डावीकडे कलत होत्या, आणि ते कपडे घातलेली गिऱ्हाइकंही वळणं डावीकडचीच घेत होती म्हणे. सकाळ-संध्याकाळ कुशीवर झोपून पाय उचलायचा, गुडघ्यांत उशी दाबायची, पाठीवर पडून कंबर अधांतरी धरायची. दुखणं हळूहळू उतरत होतं. दुसरं एक मात्र चढायला लागलं.

"अहो, धाकटीचा फोन होता," बायको म्हणाली. "भाऊजींना नवा जोडीदार मिळालाय. दातांचे डॉक्टर आहेत. उंच आहेत, आणि खेळताना अजिबात चिडत नाहीत म्हणे."

गुडघ्यांतली उशी अशी दाबली गेली की कापूस दोन्ही टोकांनी बाहेर आला.

धाकटीचा नवरा म्हणजे शिंप्याचा साडू. अकरा वर्षं दोघं रोज सकाळी सहाला जोडीने खेळत. साडू उजवीकडे, शिंपी डावीकडे. साडूच्या मुलांचे वाढदिवस शिंपी विसरेल, पण कोर्टची डावी बाजू आपली आहे हे झोपेतही विसरणार नाही. आणि त्यांचा एक शब्द होता. समोरच्या दोघांच्या मधली फट म्हणजे काज. साडू ओरडायचा, "काज!" की शिंप्याने फूल त्या फटीत ओवायचं. अख्ख्या जगात हा अर्थ दोघांनाच ठाऊक.

तिसऱ्या आठवड्यात तो सहज म्हणून, म्हणजे रात्रभर ठरवून, लंगडत हॉलवर गेला. दारातच त्याला ऐकू आलं: "काज!" आणि त्या लांबड्या डॉक्टरांनी फूल अलगद फटीत घातलं.

आपल्या ताटात दुसऱ्याने हात घालावा तसं झालं शिंप्याला.

"शब्द कुणाचा, साडूबुवा?" खेळ संपल्यावर त्याने विचारलं.

"कुठला शब्द, दादा? काज? अहो, यांना एका दिवसात जमलं! तुम्हाला समजवायला मला दोन महिने लागले होते."

"तो शब्द माझा होता. मी तुला समजवला."

"असेल, असेल," साडू घाम पुसत म्हणाला. शिंप्याला त्या 'असेल'चा जितका राग आला, तितका चोरीचाही आला नसता.

पुढच्याच आठवड्यात साडू डॉक्टरांना घेऊन दुकानात हजर. हॉलच्या घरगुती स्पर्धेला दहा दिवस होते.

"दादा, यांना माझ्यासारखीच हाफपँट शिवून द्या. जोडी कशी जोडीसारखी दिसली पाहिजे."

"दिसेल ना," शिंपी गोड हसला. त्याने टेप लावली. खुब्यांवरून घेतलेल्या घेराला शिंपी लोक सीट म्हणतात. सीट भरली अडतीस. तोंडाने अडतीस म्हणत त्याने लिहिली साडेछत्तीस. एक मोठी ढांग, की भर कोर्टात टर्रकन आवाज, आणि डॉक्टर रॅकेट मागे धरून थेट घरी! कापड कापताना तो शीळ घालत होता.

स्पर्धेच्या दिवशी तो पहिल्या रांगेत उशीवर बसला. डॉक्टरांनी पहिली ढांग टाकली. काही नाही. दुसरी टाकली. काहीच नाही. शिंपी पुढे सरकून कान देऊन ऐकू लागला, आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. मन कमी मापाचं कापत होतं खरं, पण हात सवयीने दुहेरी टीप मारून मोकळा झाला होता. कच्ची शिवण त्या हाताला येतच नव्हती! त्याच्या शिलाईला बैल जुंपला तर बैल थकेल, अशी ती शिलाई.

शेवटच्या सामन्यात साडू ओरडला, "काज!" डॉक्टरांनी होती नव्हती ती ढांग टाकली. कापड हटलं नाही, शिवण हटली नाही. मग हटायला उरला फक्त डॉक्टरांचा खुबा.

"आई गं!"

सगळे धावले. साडूने वळून पहिल्या रांगेकडे पाहिलं. "दादा, उतरा! घरगुती स्पर्धा आहे, चालतंय सगळ्यांना. बूट घाला!"

याच हाकेसाठी शिंप्याने महिनाभर छतावरच्या भेगा मोजल्या होत्या. तो ताडकन उठला. डावी बाजू रिकामी होती. फरशीवर बसलेल्या डॉक्टरांनी घामाघूम चेहऱ्याने त्याच्याकडे बघितलं.

"पँट मात्र झकास शिवलीत हो," ते म्हणाले. "एक टाका हलला नाही."

शिंपी पुन्हा उशीवर बसला. "आज नको," एवढंच म्हणाला. सामना गेला.

डॉक्टरांना फिजिओ बाईंकडे त्यानेच नेलं. शेजारशेजारच्या चटयांवर दोघं कुशीवर झोपून पाय उचलू लागले. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"डॉक्टर, तुमची सीट मी दीड इंच कमी केली होती. मुद्दाम."

डॉक्टरांचा पाय वरच्या वर थांबला.

"दाढ दुखते का हो तुमची कधी?"

"कधीकधी."

"या माझ्याकडे. दीड इंचाचा हिशेब चुकता करू." आणि ते असे खदखदून हसले की बाईंनी दोघांनाही पाच-पाच फेऱ्या वाढवून दिल्या.

त्यानंतर रोजच हसणं सुरू झालं. ते बायकोमार्फत धाकटीला कळलं आणि धाकटीमार्फत साडूला. सहाव्या आठवड्यात साडू दारात उभा. हातात रॅकेट, तोंड उतरलेलं.

"बाई, माझाही खुबा दुखतोय."

"दाखवा, कुठे?"

साडूने पोटरी धरली.

"ही पोटरी आहे."

"उतरत उतरत आलाय तिथपर्यंत," साडू म्हणाला आणि दोघांच्या मधोमध घुसून फरशीवरच आडवा झाला. "दादा, सोमवारपासून तुम्हाला परवानगी आहे असं कळलं. सकाळी सहाला येताय ना? डावीकडे?"

शिंप्याच्या जिभेवर 'हो' आलं होतं. त्याने ते गिळलं.

"थांब जरा," तो साडूच्या पोटावरून पलीकडे डोकावत म्हणाला. "डॉक्टरांना विचारून सांगतो."