चांदीचे डोळे

“माह्या चारूले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवजा, जाऊबाई. अमरावतीच्या माह्या बहिनीचा एक डोळा असाच गेला. चष्मा उशिरा लागला. यांच्या भरवशावर नका राहू.” अंथरुणावरून सत्यवती एवढं बोलली, गोदावरीने तिचा हात धरून हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात सत्यवती गेली.

यांच्या म्हणजे बापूसाहेबांच्या. गोदावरीचे दीर, अकोल्याच्या जुन्या शहरातले वजनदार वकील. बायकोमागे त्यांनी लेकीच्या डोळ्यांसाठी काय केलं, तर देवीला चांदीचे डोळे वाहिले, ते आल्यागेल्या पक्षकाराला ऐकवलं आणि हात झटकले. जणू देवीवरच समन्स बजावलं.

“चारू पाटीले नाक लावते, भाऊजी.”

“शुक्रवारची कहानी कशी धडाधड वाचते, आयकत नाई का तुमी? अन् पोरीले चष्मा! उद्या कोन करीन तिले?” असं म्हणत ते स्वतःचा सोनेरी काड्यांचा चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत.

श्रावणातल्या शुक्रवारी गोदावरीने जिवतीपुढे मुद्दाम हरतालिकेची पोथी ठेवली. चारुशीलेने ती उघडली आणि शुक्रवारची कहाणी सुरू केली. मध्येच दोन पानं एकदम उलटली, तरी शब्द अडला नाही. बापूसाहेब डोळे मिटून डोलत होते. नाहीतरी उघडे असून त्या डोळ्यांचा घराला काय उपयोग होता!

कहाणी संपली. गोदावरी हळूच म्हणाली, “भाऊजी, पोथी हरतालिकेची हाय. पोरीले दिसतच नाई.”

चारूने पोथी खाली ठेवली. “अक्षरं मुंग्यावानी दिसतात, काकू. आईचं आयकून आयकून पाठ केली.”

बापूसाहेबांनी पोथी पाहिली, एकदा उलटून पाहिली आणि मांडीवर थाप मारली. “पाहा! बिनपोथीची कहानी! वकिलाची पोर शोभते!” आणि शेजाऱ्यांना हे सांगायला ते प्रसादाचे फुटाणे चावत ओसरीवर गेले.

एवढ्या शिकलेल्या माणसावर रागावणंही गोदावरीच्या जिवावर आलं. देवीने चांदी मागितली नव्हती. सत्यवतीने पोरीकडे पाहायला सांगितलं होतं.

तिने जिवतीला नमस्कार केला. स्वतःचा फराळ झाकून ठेवला. ओल्या पदराने चारूच्या डोळ्यांतलं काजळ पुसलं, तिचं बोट धरलं, आणि ओसरीवरच्या हशाला वळसा घालून मागच्या दाराने मोर्णा नदीच्या पुलाकडे, दवाखान्याच्या वाटेला लागली.